मादाम कामा

मुंबईत मंत्रालयाजवळ एक रुंद रस्ता आहे. त्याचे नाव मादाम कामा मार्ग. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे आपापल्या कचेऱ्यांत जातात. या मादाम कामा कोण, हे त्यांतील पुष्कळांना सांगता येणार नाही. काहीजण त्यांचा संबंध कामा हॉस्पिटलशी जोडतात. पण तो बरोबर नाही. ते रुग्णालय पेस्तनजी होरमसजी कामा या दुसऱ्याच दानशूर गृहस्थांच्या देणगीतून १८८६ साली उभे राहिले. शिवाय मादाम हा शब्द मराठी नाही, गुजराती नाही आणि उर्दूही नाही. तो फ्रेंच आहे. आपण जसे बाई किंवा बेगम म्हणतो, तसे फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला मादाम म्हणतात.

या बाई मुंबईत जन्मल्या, मुंबईत शिकल्या आणि त्यांचा शेवटही मुंबईतच झाला. तरी त्यांच्या नावाला हा परका शब्द कायमचा चिकटला. कारण आयुष्यातील तीसहून अधिक वर्षे त्यांना आपल्या शहरात पाऊल ठेवता आले नाही. एका कागदावर सही केली असती, तर त्या केव्हाच घरी परतल्या असत्या.

त्यांचे माहेरचे नाव भिकाईजी सोराबजी पटेल. जन्म २४ सप्टेंबर १८६१ चा. वडील सोराबजी फ्रामजी पटेल यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते, पण त्यांचा व्यवसाय व्यापाराचा होता. आईचे नाव जायजीबाई. घर श्रीमंत होते, आणि पारशी समाजात त्याला मोठा मान होता. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. किल्ल्याच्या जुन्या भिंती पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम त्याच सुमारास निघाले. अशा वाढत्या, धावत्या शहरात भिकाईजी लहानाच्या मोठ्या झाल्या.

पण शहर कितीही पुढे गेले, तरी मुलींच्या शिक्षणाची गोष्ट वेगळी होती. मुलीला शाळेत पाठवणे हे त्या काळी धाडसाचे काम होते. १८४९ साली एल्फिन्स्टनच्या काही तरुण विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. कुठे मराठी शिकवले जाई, तर कुठे गुजराती. सुरुवातीला हे तरुण पगार न घेता शिकवत. त्यांतील एक चोवीस वर्षांचे होते आणि त्यांचे नाव दादाभाई नौरोजी. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते या कथेत पुन्हा येणार आहे.

या शाळांत मुली आपल्या भाषेत लिहायला-वाचायला शिकत. इंग्रजी शिकवण्याचा विचारही कोणी करत नसे. इंग्रजी ही कचेरीची, न्यायालयाची आणि साहेबाची भाषा होती. ती मुलीला कशासाठी हवी, असे लोक विचारत. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मात्र ती मुलीलाही हवी असे वाटे. ते मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे लहान रकमांचे दावे चालणाऱ्या न्यायालयात, न्यायाधीश होते. त्यांनी प्रथम आपल्याच मुलींना इंग्रजी शिकवले. समाजात टीका झाली, तरी ते डगमगले नाहीत. मग भायखळ्याच्या आपल्या घरात त्यांनी इतर मुलींसाठी वर्ग सुरू केला आणि त्यांच्या मुली तिथे शिकवू लागल्या. त्यातूनच १८६३ साली एक शाळा उभी राहिली. इंग्लंडच्या युवराजांचे त्याच वर्षी लग्न झाले होते. त्यांच्या पत्नीचे, अलेक्झांड्रा यांचे, नाव शाळेला दिले. अलेक्झांड्रा नेटिव्ह गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन असे ते लांबलचक नाव होते. त्यातील नेटिव्ह हा शब्द पुढे गळून पडला.

ही शाळा सरकारने काढलेली नव्हती आणि मिशनऱ्यांचीही नव्हती. एका खाजगी गृहस्थाच्या हट्टातून ती जन्मली होती. भिकाईजी या शाळेत शिकल्या. त्या शिस्तीच्या आणि अभ्यासू होत्या, आणि भाषा त्यांना चटकन येत. घरी गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशी दोन भाषांची सवय त्यांना लहानपणीच लागली. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण पुढे परदेशातील सभांत त्या उभ्या राहिल्या, तेव्हा याच इंग्रजीच्या बळावर राहिल्या. युवराज्ञीचे नाव असलेल्या शाळेत शिकलेली मुलगी पुढे त्याच राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध बोलेल, अशी कल्पना तेव्हा कोणाला आली असेल असे वाटत नाही.

३ ऑगस्ट १८८५ रोजी त्यांचे लग्न रुस्तमजी कामा यांच्याशी झाले. रुस्तमजी वकील होते. त्यांचे वडील खरशेदजी कामा हे पारशी धर्मग्रंथांचे मोठे अभ्यासक आणि समाजसुधारक. म्हणजे सासरही माहेराच्या तोलाचेच मिळाले. वरवर पाहता काहीच कमी नव्हते. पण लग्न झाले त्याच वर्षी, डिसेंबरात, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. शहरात देशाच्या कारभाराविषयी उघड चर्चा होऊ लागली. भिकाईजींचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. रुस्तमजींना इंग्रजांचे राज्य हिताचे वाटे, तर भिकाईजींना ते देशाला लुबाडणारे राज्य वाटे. दोघेही आपापल्या मताचे पक्के होते. पतीपत्नींमधले अंतर वाढत गेले आणि पुढे ते दोन वेगळ्या देशांत राहू लागले. यात एकाला चांगले आणि दुसऱ्याला वाईट ठरवण्याचे कारण नाही. त्या काळातील कितीतरी घरांत हा वाद होता. या घरात तो पतीपत्नींमध्ये होता, एवढेच.

१८९६ साली देशात दुष्काळ पडला आणि मुंबईवर एक भयंकर संकट कोसळले. मांडवी भागात काही माणसे ताप येऊन पटापट मरू लागली. त्यांच्या काखेत आणि जांघेत गाठी येत. डॉक्टर व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे ओळखले. बघता बघता रोग गिरगाव, भायखळा, परळपर्यंत पोचला. लाखो लोक शहर सोडून पळाले. गिरण्यांना कामगार मिळेनात. ज्या घरात रोगी सापडे, त्या घरावर सरकारी माणसे येत. रोगाइतकीच लोकांना त्यांची भीती वाटे.

अशा वेळी श्रीमंत घरातील माणसे माथेरान, पुणे किंवा नवसारी गाठत. भिकाईजी गेल्या नाहीत. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून काम करणाऱ्या तुकड्यांत त्या सामील झाल्या. पांढरे कपडे घालून त्या रोग्यांची सेवा करू लागल्या. याच कॉलेजात डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था तुम्ही पाहिली असेल, ती याच हाफकिन यांच्या नावाची. पुढे भिकाईजी निरोगी माणसांना लस टोचण्याच्या कामातही होत्या. हे काम सोपे नव्हते. सुई टोचून घ्यायला लोक घाबरत आणि त्यांना समजावण्यात बराच वेळ जाई.

शेवटी व्हायचे तेच झाले. भिकाईजींना स्वतःलाच प्लेग झाला. त्या वाचल्या, पण प्रकृती कायमची ढासळली. विसावे शतक सुरू झाले त्या सुमारास औषधोपचारांसाठी त्यांना युरोपला पाठवण्यात आले. वर्ष-दोन वर्षांत बऱ्या होऊन परत यायचे, असाच सगळ्यांचा विचार होता.

लंडनमध्ये त्यांची भेट दादाभाई नौरोजींशी झाली. मुंबईत मुलींच्या शाळा काढणारा तो तरुण आता ऐंशीच्या घरात पोचला होता. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आलेले पहिले हिंदी सभासद म्हणून दादाभाईंचे नाव झाले होते. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले होते. भिकाईजी त्यांच्या कामात मदत करू लागल्या. दादाभाईंचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा होता. त्याच वेळी श्यामजी कृष्णवर्मा हे अधिक तिखट विचारांचे गृहस्थ त्यांना भेटले. फेब्रुवारी १९०५ मध्ये श्यामजींनी होमरूल सोसायटी स्थापन केली. तिला भिकाईजींचा पाठिंबा होता. त्या लंडनच्या हाइड पार्कमध्ये उघड्यावर उभ्या राहून भाषणे करू लागल्या. साडी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक हिंदी स्त्री इंग्रजांच्याच राजधानीत इंग्रज सरकारवर टीका करते, हे पाहायला लोक थांबत.

मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने त्यांच्यापुढे एक अट ठेवली. देशात गेल्यावर राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, असे लिहून द्यायचे आणि खाली सही करायची. सही केली तर परतीची वाट मोकळी, नाही तर बंद.

त्यांनी सही केली नाही.

हा निर्णय घेणे तेव्हा किती कठीण गेले असेल, याचा विचार करा. मुंबईत त्यांचे घर होते, आप्त होते आणि पैसाही होता. प्रकृती नाजूक होती. युरोपातील थंडी सोसत नव्हती. सही ही चार अक्षरांची गोष्ट. सही करून परत जायचे आणि मग गुपचूप काम करायचे, असाही मार्ग कोणी सुचवू शकला असता. पण दिलेला शब्द मोडायचा नाही आणि न पाळता येणारा शब्द द्यायचा नाही, असा त्यांचा स्वभाव होता.

लंडनमध्ये पोलिसांची पाळत वाढली, तेव्हा त्यांनी आपला मुक्काम पॅरिसला हलवला. फ्रान्समध्ये इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. तिथे सरदारसिंह राणा हे काठेवाडचे मोत्यांचे व्यापारी त्यांचे सहकारी झाले. या मंडळींनी पॅरिस इंडियन सोसायटी स्थापन केली. भिकाईजींचे घर हिंदी तरुणांसाठी नेहमी उघडे असे. कोणाला जेवण हवे, कोणाला आसरा हवा, कोणाला भाड्यासाठी पैसे हवे. तिथेच त्या भिकाईजींच्या मादाम कामा झाल्या.

ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. निरनिराळ्या देशांतून ८०० हून अधिक प्रतिनिधी आले होते. गुलाम देशांचा प्रश्नही तिथे चर्चेला होता. मादाम कामा आणि राणा या परिषदेला गेले. आपल्या देशाला स्वतःचा झेंडा नाही, ही गोष्ट मादाम कामांना डाचत होती. परिषदेत इतर देशांचे झेंडे असणार आणि हिंदुस्थानचा म्हणून इंग्रजांचा युनियन जॅक मानला जाणार, हे त्यांना नको होते. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने एक झेंडा तयार केला होता.

२२ ऑगस्ट रोजी त्या बोलायला उठल्या. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस होते. हिंदुस्थानातील दुष्काळ, उपासमार आणि करांचे ओझे यांविषयी त्यांनी सांगितले. जगातील माणसांचा पाचवा हिस्सा ज्या देशात राहतो, त्या देशाला स्वातंत्र्य मिळवून देण्यासाठी मदत करा, असे आवाहन त्यांनी केले. आणि मग त्यांनी तो झेंडा उलगडून सभेपुढे धरला. हा स्वतंत्र हिंदुस्थानचा झेंडा आहे, याला मान द्या, असे त्यांनी सर्वांना सांगितले. सभागृहातील लोक उठून उभे राहिले.

तो झेंडा आजच्या तिरंग्यासारखा नव्हता. त्यात तीन पट्टे होते, पण वर हिरवा, मध्ये पिवळा आणि खाली लाल. हिरव्या पट्ट्यावर आठ कमळे होती, कारण त्या वेळी इंग्रजांच्या राज्यात आठ प्रांत मानले जात. मधल्या पट्ट्यावर वंदे मातरम् ही अक्षरे देवनागरीत होती. खालच्या लाल पट्ट्यावर एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर होती. सूर्य हिंदूंसाठी आणि चंद्रकोर मुसलमानांसाठी. झेंडा हातात धरणारी स्त्री पारशी होती. तिच्या स्वतःच्या धर्माचे चिन्ह मात्र त्या झेंड्यावर नव्हते. मला या झेंड्यातील ही गोष्ट सर्वांत अधिक आवडते. पुढे इंदुलाल याज्ञिक यांनी तो झेंडा इंग्रजांची नजर चुकवून भारतात आणला. पुण्याच्या केसरी वाड्यात तो जपून ठेवलेला आहे.

स्टुटगार्टनंतर त्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेही सभांतून बोलल्या. मग पॅरिसला परतून त्यांनी वर्तमानपत्राचे काम हाती घेतले. सप्टेंबर १९०९ पासून बंदे मातरम् हे पत्र निघू लागले. ते स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथून प्रसिद्ध होई. सुरुवातीला लाला हरदयाळ त्याचे संपादन करत. हेच हरदयाळ पुढे अमेरिकेत गेले आणि गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली. त्या पक्षाच्या गदर या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ रोजी निघाला, आणि तो उर्दूत होता. मादाम कामांनी मदन्स तलवार हे आणखी एक पत्र काढले. लंडनमध्ये फाशी गेलेल्या मदनलाल धिंग्रा यांचे नाव त्याला दिले होते.

ही पत्रे हिंदुस्थानात आणणे हा गुन्हा होता. पण दक्षिणेतील पाँडिचेरी गाव तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होते. फ्रान्समधून पाँडिचेरीला टपाल जाई, आणि तिथून हे कागद लपतछपत पुढे सरकत. इंग्रज पोलिसांना पाँडिचेरीच्या हद्दीत शिरता येत नसे. अठराशे सत्तावन्नच्या लढ्यावर सावरकरांनी लिहिलेले पुस्तक छापून होण्याआधीच सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते हॉलंडमध्ये छापून घेण्याच्या आणि वाटण्याच्या कामातही मादाम कामांचा हात होता.

१९१० च्या मार्चमध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. त्यांना बोटीने हिंदुस्थानात नेण्यात येत होते. ८ जुलै रोजी बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदरात असताना त्यांनी समुद्रात उडी मारली आणि पोहत किनारा गाठला. मादाम कामा आणि त्यांचे सहकारी मार्सेयकडे निघाले होते, पण ते पोचेपर्यंत उशीर झाला. फ्रेंच शिपायाने सावरकरांना पकडून परत इंग्रजांच्या हाती दिले होते.

या सगळ्यामुळे इंग्रज सरकार चिडले. मादाम कामांना आमच्या ताब्यात द्या, अशी मागणी त्याने फ्रान्सकडे केली. फ्रान्सने नकार दिला. तेव्हा सरकारने त्यांची हिंदुस्थानातील वारशाची मालमत्ता जप्त केली. पूर्वी सही नाकारल्याने घर दुरावले होते, आता पैसाही गेला.

मादाम कामांच्या एका मताविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण ते ऐकून आजच्या मुलींना कदाचित नवल वाटेल. १९१० मध्ये इजिप्तच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांच्या सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. समोर सगळे पुरुषच होते. इजिप्तचा अर्धा भाग मला इथे दिसतो आहे, उरलेला अर्धा कुठे आहे, असे त्यांनी विचारले. तुमच्या आया, बहिणी, बायका यांना घरी ठेवून राष्ट्र उभे राहणार नाही, असा त्यांचा रोख होता. पण पुढे, १९२० च्या सुमारास, हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी त्यांना भेटल्या. हिंदी स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून या मायलेकी धडपडत होत्या. मादाम कामांनी मान हलवली. आधी देशाच्या स्वातंत्र्यासाठी काम करा, देश स्वतंत्र झाला की मतदानाचा हक्कच काय, सगळे हक्क मिळतील, असे त्यांनी सांगितले. टाटा मायलेकींनी त्यांचा सल्ला मानला नाही, आणि माझ्या मते ते बरेच झाले. १९२१ मध्ये मुंबई प्रांतात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला, आणि तो मिळवण्यात अशाच बायकांचा वाटा होता. मोठ्या माणसांचे प्रत्येक मत बरोबर ठरतेच असे नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंड आणि फ्रान्स आता एका बाजूला होते. पॅरिसमधील बहुतेक हिंदी क्रांतिकारक देश सोडून गेले. मादाम कामा आणि राणा मात्र राहिले. ऑक्टोबरमध्ये पंजाबी पलटणी बोटीने मार्सेयला उतरल्या. त्यांना जर्मनांशी लढायला नेले जात होते. मादाम कामा त्या शिपायांना भेटून सांगू लागल्या, की ही लढाई तुमच्या देशाची नाही. हे फ्रेंच सरकारला परवडण्यासारखे नव्हते. त्यांना थोडे दिवस अटकेत ठेवले आणि मार्सेय सोडायला लावले. त्या बोर्दोजवळ राणांच्या घरी राहिल्या. जानेवारी १९१५ मध्ये राणांना कुटुंबासह दूर मार्टिनिक बेटावर पाठवण्यात आले. मादाम कामांना व्हिशी या गावी स्थानबद्ध करण्यात आले. स्थानबद्ध म्हणजे तुरुंगात नव्हे, पण ठरवून दिलेली जागा सोडून कुठे जायचे नाही. जवळजवळ तीन वर्षे अशी गेली. प्रकृती फारच बिघडली, तेव्हा नोव्हेंबर १९१७ मध्ये त्यांना बोर्दोला परतण्याची परवानगी मिळाली. तीही दर आठवड्याला पोलिसांपुढे हजर राहण्याच्या अटीवर.

युद्ध संपल्यावर त्या पॅरिसच्या आपल्या जुन्या घरी आल्या. पुढची पंधरा-सोळा वर्षे तशी शांत, पण एकाकीपणाची गेली. जुने सहकारी पांगले होते. श्यामजी कृष्णवर्मा १९३० साली जिनीव्हात वारले. हिंदुस्थानात आता गांधीजींची चळवळ जोरात होती. मुंबईच्या रस्त्यांवर, चौपाटीवर हजारो स्त्रिया मिठाच्या सत्याग्रहात उतरल्या होत्या. इजिप्तच्या सभेत मादाम कामांनी जे विचारले होते, त्याचे उत्तर त्यांच्याच शहरात मिळत होते. ते डोळ्यांनी पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

१९३५ च्या सुरुवातीला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराने साथ सोडली. वय त्र्याहत्तर. परक्या देशात, परक्या भाषेत मरायचे की आपल्या शहरात जायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. मुंबईचे सर कावसजी जहांगीर यांनी सरकारकडे रदबदली केली. काळा घोडा येथील जहांगीर आर्ट गॅलरी पुढे ज्यांच्या देणगीतून उभी राहिली, तेच हे कावसजी. सरकारची अट जुनीच होती. पुन्हा चळवळीत पडणार नाही, असे लिहून द्या. २४ जून १९३५ रोजी पॅरिसहून मादाम कामांनी तसे लिहून दिले.

जी सही त्यांनी तीस वर्षे नाकारली, ती त्यांनी शेवटी केली. या गोष्टीविषयी काही चरित्रे घाईघाईने पुढे जातात. त्यांना ती अडचणीची वाटत असावी. मला ती तशी वाटत नाही. सही नाकारली तेव्हा त्यांच्याजवळ देशाला देण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते सगळे त्यांनी दिले. सही केली तेव्हा हातपाय हलवण्याचीही शक्ती उरली नव्हती. अशा आजारी, वृद्ध स्त्रीकडूनही ती सही मागण्याची गरज एवढ्या मोठ्या साम्राज्याला वाटली, यावरून ते साम्राज्य त्यांना किती घाबरत होते हे कळते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये सर कावसजींच्या सोबतीने त्या मुंबईला पोचल्या. गेल्या तेव्हा शहरात घोड्यांच्या ट्राम होत्या. परत आल्या तेव्हा विजेच्या ट्राम, मोटारी आणि विजेवर चालणाऱ्या लोकल गाड्या धावत होत्या. पण हे सगळे पाहत हिंडण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. कंबाला हिलवरच्या पारशी जनरल हॉस्पिटलमध्ये १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अकरा वर्षे आणि दोन दिवस बाकी होते.

१९६२ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजालाही पुढे त्यांचे नाव मिळाले. मुंबईतील रस्त्याचे नाव तर आपण सुरुवातीला पाहिलेच.

मृत्यूनंतर त्यांचे मृत्युपत्र पाहण्यात आले. सगळे जाऊनही त्यांच्याजवळ काही मालमत्ता उरली होती. त्यांतील ५४,००० रुपये त्यांनी माझगावातील आपल्या माहेरच्या अग्यारीला दिले होते. बाकीचा मोठा भाग वांद्र्याच्या बाई आवाबाई पेटिट अनाथाश्रमाला दिला होता. हा आश्रम मुलींचा होता. आज तिथे मुलींचे हायस्कूल आहे.